चौकातून गेलेली शंभर मीटरची रेघ: दांडिया बाजारातल्या एका घराची रजाचिठ्ठी

बडोद्यात बांधकाम परवानगीला कुणी परवानगी म्हणत नाही, रजाचिठ्ठी म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आधी वाटतं, शाळेला दांडी मारण्याविषयी बोलणं चाललंय. मी स्थापत्य अभियंता. महापालिकेत दाखल होणाऱ्या नकाशांवर सही करण्याचा धंदा करून केस पिकले. नव्या वस्तीतल्या प्लॉटची रजाचिठ्ठी काढणं आता रोजच्या भाजीसारखं झालंय. पण जुन्या गावातलं हे एक प्रकरण असं निघालं की त्याची फाइल अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, कपाटात टाकवत नाही. त्यात पहिली मोठी चूक माझीच होती, म्हणून सगळं क्रमानं लिहितो. घरच्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि घराची मापंही थोडी बदलली आहेत. कायदा मात्र आहे तसाच ठेवला आहे.

घर दांडिया बाजारात, सुरसागर तलावापासून चालत पाच-सात मिनिटांवर. रुंदी सतरा फूट आणि खोली ब्याण्णव फूट. जुन्या बडोद्यात अशी घरं म्हणजे आगगाडीचे डबे. पुढे ओटा, मग ओसरी, बैठक, माजघर. त्यामागे तेरा फुटांचा चौक, मध्ये तुळशीवृंदावन. चौकापलीकडे स्वयंपाकघर, कोठीची खोली, न्हाणी आणि वर माडी. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये विटा भरलेल्या, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. घरमालक नानांच्या आजोबांनी गायकवाडी नोकरीत असताना बांधलेलं. नाना आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. मुलगा मकरपुऱ्यात नोकरीला, नातू कॉलेजात. धाकटे भाऊ वारले, त्यांच्या दोन मुली आहेत. बहीण पुण्यात.

मे 2022 मध्ये दारावर नोटीस चिकटली. दर पावसाळ्याआधी महापालिकेची निर्भयता शाखा जर्जर घरांना नोटिसा देते. नाव ऐकून हसू येतं, कारण ज्याच्या दारावर तो कागद चिकटतो त्याची झोप उडते. नोटीस कलम 264 खाली होती, गुजरात प्रांतिक महानगरपालिका कायद्यातलं. नानांनी गुजरातीतला तो कागद वाचला आणि 'उतारी लेवुं', म्हणजे उतरवून घ्यावं, पाडावं, या दोन शब्दांवर नजर अडकली. संध्याकाळपर्यंत एक ठेकेदार येऊन ओसरीत बसलासुद्धा. "काका, पाडायचंच आहे तर आत्ताच पाडा. तीन मजली बांधून देतो, दिवाळीला नव्या घरात लक्ष्मीपूजन."

दुसऱ्या दिवशी नानांचा फोन. "अरे, येऊन बघून जा. तुझ्या वडिलांनीच आमच्या न्हाणीचं काम काढलं होतं, विसरला नसशील."

विसरलो नव्हतो. गेलो. घर खरंच वाईट अवस्थेत होतं. बैठकीतले चार खांब हातोड्यानं ठोकून पाहिले. वर छातीच्या उंचीला टणटणीत आवाज, खाली कुंभीजवळ, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळ, बद्द. पावसाळ्यात ओटा भिजतो, ओल दगडी कुंभीवरून लाकडात चढते आणि खांबाचं बूड आतून कुजतं. वरून रंग दिलेला असतो म्हणून वीस वर्षं कळत नाही. मागच्या भागात तर माडीची एक तुळई भिंतीतून दोन बोटं सुटली होती.

घर पुरातत्त्व खात्याच्या हद्दीजवळ येतं याची मला जाणीव होती. दांडिया बाजारात काम करणाऱ्याला ती असावीच लागते, कारण तिथे तांबेकर वाडा आहे. 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा. आतल्या भित्तिचित्रांमुळे तो केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. बडोद्याच्या मराठी माणसाला त्याचा अभिमान असतो. घरी पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो. मात्र आपल्या घराच्या वीट-चुन्यावर त्या वाड्याचा अधिकार चालतो हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

नियम थोडक्यात असा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे आणखी दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र. 16 जून 1992 च्या अधिसूचनेनं हे आलं आणि 2010 च्या दुरुस्तीनं प्राचीन स्मारकांच्या मूळ 1958 च्या कायद्यातच बसवलं गेलं. नियंत्रित क्षेत्रात परवानगी घेऊन बांधता येतं. प्रतिबंधित क्षेत्रात नवीन काहीही बांधता येत नाही, पुनर्बांधणीही नाही. 16 जून 1992 च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल तर फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण, तेही परवानगीनं. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे सगळं माहीत असूनही मी चूक केली. फोन काढला, नकाशावर वाड्याच्या खुणेवर एक बोट आणि नानांच्या ओट्यावर दुसरं ठेवलं. एकशे तीन मीटर आले. म्हटलं, "ओटाच शंभराच्या बाहेर आहे, म्हणजे अख्खं घर नियंत्रित क्षेत्रात. एनओसी घ्यावी लागेल, थोडा वेळ जाईल, पण घर नवीन होईल." नानांचा चेहरा उजळला. मीही चहा पिऊन खुशीत निघालो.

ठेकेदारानं ते ऐकलं. त्याला घाई. चार दिवसांत त्यानं पुढच्या माडीची कौलं उतरवायला सुरुवात केली. 'जुनी कौलं आहेत, पावसाच्या आत विकली जातील' हा त्याचा हिशेब.

मी एनओसीचा ऑनलाइन अर्ज भरायला बसलो. त्यात एक रकाना असतो: संरक्षित हद्दीपासून अंतर. स्मारकापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून. हा रकाना मी पूर्वी दोनदा भरला होता, पण तेव्हा अंतर दोनशेच्या घरात असल्यानं दहा-वीस मीटरनं काही फरक पडला नव्हता. इथे मात्र हात थांबला. फोनवरची खूण वाड्याच्या मधोमध असते. कायदा मोजतो तो हद्दीच्या कडेपासून आणि सरळ रेषेत, घरांच्या डोक्यावरून. गल्लीनं वळसा घालून जाणाऱ्याला वाडा 'छे, दोन गल्ल्या पलीकडे' वाटतो. अंतर मात्र गल्लीनं मोजलं जात नाही. शिवाय अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंना उंच भिंती असताना फोनचं लोकेशन पाच-सात मीटरनं इकडेतिकडे सहज जातं.

ठेकेदाराला फोन केला. "एकही कौल आणखी काढू नका. काढलेली पुन्हा चढवा."

"अरे साहेब, विकली ना!"

त्या रात्री मला झोप नव्हती. पुढचा भाग प्रतिबंधित क्षेत्रात निघाला असता आणि तोवर ठेकेदारानं तो पाडून झाला असता, तर नानांच्या हातात काय उरलं असतं? सतरा फूट रुंदीची मोकळी जागा, जिच्यावर त्यांना, त्यांच्या मुलाला किंवा नातवाला कधी एक खोलीही बांधता आली नसती. कारण दुरुस्तीची सवलत उभ्या घराला आहे, मोकळ्या जागेला नाही. गळकं, वाकलेलं, भिंतीतून तुळई सुटलेलं ते घर जोवर उभं आहे तोवरच नानांचा तिथे राहण्याचा हक्क शाबूत होता. पाडलं की संपलं. त्यात महापालिकेची नोटीस दारावर आणि पावसाळा तीन आठवड्यांवर.

मोजणीवाल्याला टोटल स्टेशन, म्हणजे अंतर-कोन मोजायचं यंत्र, घेऊन बोलावलं. सकाळी सहाला, गल्लीत स्कूटर उभ्या राहण्याआधी. हद्दीच्या कोपऱ्यापासून एक-एक खूण पुढे नेत, दोन घरांच्या गच्च्यांवरून तो नानांच्या ओट्यावर पोचला. ओट्याची कड चौऱ्याऐंशी मीटरवर. घराची मागची भिंत एकशे बारावर. शंभराची रेघ घराच्या आतून जात होती. मोजणीवाल्यानं खडूनं ती आखून दाखवली. थोडी तिरकी, डाव्या भिंतीपाशी तुळशीवृंदावनाच्या पुढे, उजव्या भिंतीपाशी मागे. चौकातूनच गेली, हे नशीब. माजघरातून गेली असती तर एकाच खोलीचा निम्मा भाग दुरुस्तीत आणि निम्मा नव्या बांधकामात धरावा लागला असता.

नाना बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभे होते. काकूंनी तुळशीला पाणी घातलं तसा खडू थोडा पुसला गेला. "म्हणजे स्वयंपाकघर नवं होणार आणि बैठक जुनीच?" त्यांनी विचारलं. एवढं नेमकं उत्तर तोवर माझ्याकडेही नव्हतं.

नोटीस पुन्हा वाचली

पावसाळ्याआधी पहिलं काम नोटिशीला उत्तर देण्याचं. कलम 264 चा मजकूर मी नानांना शेजारी बसवून वाचून दाखवला. आयुक्त मालकाला बांधकाम पाडायला, सुरक्षित करायला, हटवायला किंवा दुरुस्त करायला सांगू शकतात. चार क्रियापदं आहेत, आणि लोक पहिल्यावरच थांबतात. नोटिशीतही चारही होती. ठेकेदारानं पहिलंच वाचून दाखवलं होतं, अर्थात.

स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून अहवाल घेतला: पुढच्या भागात टेकू देऊन भार उतरवता येतो, मागचा भाग तातडीनं रिकामा करावा. नाना, काकू आणि मंडळी पुढच्या बैठकीत राहायला आली. मागच्या तुळईखाली लोखंडी टेकू लागले. उघड्या माडीवर ताडपत्री. अहवाल, टेकूंचे फोटो आणि 'सुरक्षित करण्याचं काम सुरू केलं आहे, कायमस्वरूपी कामासाठी परवानगीची प्रक्रिया चालू आहे' असं पत्र खंडेराव मार्केटच्या इमारतीत नेऊन दिलं. महापालिकेचं मुख्य कार्यालय तिथेच. सयाजीराव महाराजांच्या काळातली ती इमारत, बाहेर फुलांचा बाजार. नानांनी येताना शेवंतीच्या दोन वेण्या घेतल्या. कागद घेतला गेला, शिक्का मिळाला. पाडण्याचा तगादा थांबला.

पत्र्याची पेटी

पुढच्या भागासाठी एकच गोष्ट सिद्ध करायची होती: हे घर 16 जून 1992 च्या आधीपासून आहे. नाना म्हणाले, "शंभर वर्षांचं घर, याला पुरावा कसला? कुणालाही विचार." पण अर्जाला 'कुणालाही विचार' जोडता येत नाही.

काकूंनी पलंगाखालून पत्र्याची पेटी काढली. आत वेऱ्याच्या पावत्या, दोरीनं बांधलेल्या. इथे मालमत्ता कराला वेरा म्हणतात. सत्तरच्या दशकापासूनच्या जवळजवळ सगळ्या. वीजजोडणीचा जुना कागद. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, आजोबांच्या नावाचं. पण सगळ्यात कामाचा ठरला एक फोटो: 1984 मध्ये आत्यांचं, म्हणजे नानांच्या बहिणीचं, लग्न झालं तेव्हा ओट्यावर काढलेला. वरात निघतेय, आत्या रडतायत, आणि मागे अख्खी दर्शनी बाजू: तीन खण, माडीची दोन दारं, कौलांची उतरण. आज उभं असलेलं तेच घर, तेवढ्याच उंचीचं. आधी आत्यांना तो अर्जाला जोडायला संकोच वाटला. "माझा रडका चेहरा दिल्लीला पाठवणार का रे?" मग स्वतःच मोठा स्कॅन करून पाठवला.

फोटोचा दुसरा उपयोग मला नंतर कळला. ठेकेदारानं कौलं विकली होती, म्हणजे छप्पर मूळ कसं होतं याचा आता दुसरा पुरावाच नव्हता. उतरणीचा कोन आणि आढ्याची उंची आम्ही त्या फोटोतल्या माडीच्या दारावरून मोजून काढली. दार अजून तिथेच होतं.

हक्काचा गुंता

हे प्रकरण इथे अडेल असं वाटलं नव्हतं, पण अडलं. प्रॉपर्टी कार्ड आजोबांच्या नावावर, म्हणजे वारसाईची नोंदच झालेली नाही. दोन पिढ्या 'घर आपलंच आहे' म्हणून कुणी सिटी सर्व्हेत गेलं नाही. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांची हीच कथा. आपण श्राद्धाला वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव बिनचूक घेतो, पण कार्डावर पणतू कधीच येत नाही.

पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, लागला. वारसांत बहीण आणि भावाच्या दोन मुली. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा हा चर्चेचा विषय राहिलेला नाही, पण घरात मात्र तो चर्चेचा विषय होतोच. आत्यांनी लगेच हक्क सोडला. त्या पुण्याच्या वकिलाकडून 'हक्कसोडपत्र' करून आणत होत्या, इथे सगळे त्याला 'हक्ककमी' म्हणतात. दोघी एकच गोष्ट बोलत होत्या आणि तरी काकू आणि आत्या यांच्यात फोनवर पाऊण तास गैरसमज झाला. भावाच्या मुलींनी हक्क सोडला नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच केलं. शेवटी त्यांची नावं कार्डावर सहमालक म्हणून आली आणि अर्जावर त्यांच्या सह्या झाल्या. फेरफाराच्या नोंदीला जमीन महसूल कायद्याच्या 135-डी ची नोटीस निघते, तीस दिवस हरकतीची वाट बघावी लागते. ते दिवस गेले. मला सांगायचं एवढंच की हे काम मे महिन्यातच सुरू करायला हवं होतं. मी मोजणीच्या धक्क्यात ते मागे टाकलं, आणि दोन महिने त्यापायीच वाया गेले.

दोन अर्ज, एक घर

पुरातत्त्वाकडे दोन वेगळे अर्ज केले. पुढच्या भागासाठी स्मारक कायद्याच्या कलम 20 क (1) खाली दुरुस्ती-नूतनीकरणाचा. मागच्या भागासाठी कलम 20 क (2) खाली बांधकामाचा. मागचा भाग होता त्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा बांधला असता तर कायद्याच्या भाषेत ती पुनर्बांधणी झाली असती. पण नानांना एक मजला वाढवायचा होता, म्हणून ते नवं बांधकाम. नियंत्रित क्षेत्रात दोन्हींना वाव आहे, पण नकाशात जे करायचं तेच शब्दांत लिहावं लागतं.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तिथून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे. प्राधिकरणाला शिफारशीसाठी दोन महिने, नंतर सक्षम प्राधिकाऱ्याला एक महिना, असं कायद्यात आहे. माझा पहिला अर्ज मात्र त्रुटी काढून परत आला, आणि त्रुटी खरी होती. मी उंची छपराच्या स्लॅबपर्यंत दाखवली होती. त्यांना एकूण उंची हवी असते, जिन्याची टोपी, कठडा आणि पाण्याची टाकी धरून. आपल्याकडे गच्चीवर जे उभं राहतं त्याला आपण उंची मानतच नाही. टाकी म्हणजे काय, टाकीच! नवीन छेद काढला. जिन्याच्या टोपीसकट उंची 11.70 मीटर, थोडा हात मोकळा ठेवून मागितली 11.80.

पुढच्या भागाचे नकाशे काढताना मी दोन रंग वापरले. काळ्यात जे आहे ते, लालात ज्याला हात लावणार ते. लाल रेघ काळ्याच्या बाहेर कुठेही एक इंचही जात नाही, हे बघणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसावं. पाया नवा नाही, क्षेत्रफळ तेवढंच, उंची तेवढीच, खांबांची जागा तीच. नानांच्या मुलाला बैठकीतला मधला खांब हलवायचा होता, टीव्हीच्या आड येतो म्हणून. "नको," म्हटलं. "टीव्ही हलवा."

फेब्रुवारी 2023 मध्ये दोन्हींना परवानगी आली. पुढच्या भागाला अटींसह दुरुस्ती. मागच्या भागाला एकूण उंची 10.50 मीटर. मागितल्यापेक्षा एक मीटर तीस सेंटिमीटर कमी.

नाना हिरमुसले. मला वाटलं होतं बरंच कमी मिळेल. तळ अधिक दोन मजले बसत होते. स्लॅबची वरची पातळी 9.30, कठडा एक मीटर, म्हणजे 10.30. जिन्याची टोपी मात्र बसत नव्हती. ती काढून टाकली, गच्चीवर जायला झाकणाची लोखंडी शिडी ठेवली. पापड-कुरडया वाळवायला आता त्या शिडीनं चढायचं म्हटल्यावर काकूंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

रजाचिठ्ठी

यापुढचा भाग सरळ आहे. 2017 च्या एकत्रित विकास नियमांप्रमाणे नकाशा, एनओसी, प्रॉपर्टी कार्ड, माझी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी, सगळं ओडीपीएसवर, म्हणजे परवानगीच्या ऑनलाइन यंत्रणेवर, चढवलं. एकदा परत आलं, कारण माझ्या ड्राफ्ट्समननं उभा असलेला पुढचा भाग 'प्रस्तावित'च्या लेअरवर काढला होता आणि त्यामुळे प्रतिबंधित क्षेत्रात आम्हीच नवं बांधकाम दाखवत होतो. केवढी भयंकर चूक, आणि किती क्षुल्लक जागी! दुरुस्त करून पुन्हा चढवलं. मे 2023 मध्ये रजाचिठ्ठी हातात आली. नगररचना कायद्याच्या कलम 32 नुसार ती एका वर्षासाठी असते, वर्षा-वर्षानं वाढवून जास्तीत जास्त तीन वर्षं. नानांनी ती देवासमोर ठेवली. एका नोटिशीनं सुरू झालेलं प्रकरण या कागदापर्यंत पोचायला बरोबर एक वर्ष लागलं होतं.

याच दिवसांत गल्लीतल्या एकानं सल्ला दिला, "एवढं कशाला करता? बांधून टाका, मग इम्पॅक्ट फी भरा." ऑक्टोबर 2022 मध्ये राज्यानं अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा वटहुकूम आणला होता, त्याचा हा परिणाम. तो 1 ऑक्टोबर 2022 च्या आधीच्या बांधकामांसाठी होता, आणि राज्याच्या फीनं केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा धुतला जात नाही. नानांनी त्याला एवढंच सांगितलं, "माझं वय तुरुंगात जायचं राहिलेलं नाही."

खांबाचं बूड

कामातला सगळ्यात सुंदर भाग पुढचा होता. ठेकेदार बदलला. नवीन आणला तो ठेकेदार नव्हताच, शहरातल्या वाडी भागातला एक म्हातारा सुतार. त्यानं कुजलेल्या खांबांना हात लावण्याआधी दोन दिवस फक्त घर बघितलं. मग तुळयांखाली जॅक लावले आणि रोज थोडं थोडं उचललं. चौथ्या दिवशी खांब कुंभीवरून सहा मिलिमीटर वर आला. एक नवा रुपया सरकवून बघितला, गेला. "बस," म्हणाला. त्यानं कुजलेलं बूड तिरकं कापलं, जुन्या सागवानाचा दीड फुटी तुकडा त्याच तिरक्या कापात बसवला, लाकडी खुंट्या मारल्या आणि कुंभी व लाकूड यांच्यात शिशाचा पत्रा ठेवला, ओल वर चढू नये म्हणून. जॅक उतरवले तेव्हा घरानं एक आवाज केला, करकर नव्हे, एक लांब श्वास सोडल्यासारखा. नानांनी ओसरीत बसूनच विचारलं, "काय मोडलं?" काही मोडलं नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बैठकीचं दार जमिनीला न घासता लागलं.

जुनी कौलं मिळाली नाहीत. ठेकेदारानं विकली ती कुठे गेली याचा पत्ता लागला नाही. पाडलेल्या दोन घरांची गोळा करून चढवली. लांबून रंग थोडा वेगळा दिसतो.

मागचा भाग नेहमीच्या आरसीसीनं झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक शेजारी काय तो अडला होता, कारण त्याच्या कड्या आमच्या सामाईक भिंतीत होत्या. ती भिंत आम्ही ठेवली, आतून आपले स्वतंत्र खांब उभे केले. सात इंच जागा गेली, भांडण गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीनं शहर बुडवलं तेव्हा प्लॅस्टर चालू होतं. काम महिनाभर बंद राहिलं.

बीयू, म्हणजे वापर परवाना, काढण्याआधी मी स्वतः गच्चीवर मोजायला गेलो. लोखंडी शिडीनं. प्लंबरनं पाण्याची टाकी दोन फूट उंच लोखंडी घोडीवर बसवली होती, वरच्या बाथरूमला दाब मिळावा म्हणून. टाकीचं झाकण 11.05 वर. परवानगी 10.50.

घोडी कापली. टाकी थेट स्लॅबवर आली, झाकण 10.45 वर. पाच सेंटिमीटर शिल्लक राहिले. बीयू मिळाली.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये नातवाच्या शॉवरमधून पाणी धार लागून पडत नाही, नुसतं ठिबकतं. मी गेलो की नाना मला चहा द्यायच्या आधी वर नेतात, नळ सोडतात आणि शेजारी उभे राहतात. काही बोलत नाहीत. मी बादली भरेपर्यंत बघत राहायचं.